मोठ्या टाइपाचं पवित्र शास्त्र : सोळा महिने रोज वाचल्यावर

आधी वजन सांगते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिलं: १ किलो ३८० ग्रॅम. म्हणजे आडवं पडून छातीवर धरून वाचायचं हे पुस्तक नव्हे. मनगट भरून येतं, आणि डुलकी लागली तर ते सरळ नाकावर येतं. मोठ्या टाइपाचं मराठी बायबल घ्यावं की मोबाइलवरच भागवावं, असं ज्यांच्या मनात चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. प्रकाशकाचं नाव मुद्दाम देत नाही. पुढे तक्रारी आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांना तो बिचारा जबाबदार नाही, गोव्याची हवा जबाबदार आहे.

मी नर्स आहे. मूळची मिरजेची, लग्न होऊन वास्कोला आले त्याला सव्वीस वर्षं झाली. हे रेल्वेत. मुलगा पुण्याला असतो, त्यामुळे घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांचं वय ८१, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले. माझं जुनं बायबल लग्नात चर्चच्या मंडळीनं दिलेलं, बारीक टाइपाचं. पन्नाशीपर्यंत त्यानं साथ दिली. मग एके दिवशी लक्षात आलं की मी वाचत नाहीये, पाठ असलेलं नुसतं आठवतेय. जिथे पाठ नाही तिथली ओळ धुकट दिसायची आणि मी पान उलटायचे.

त्यावर मुलानं फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. ॲप वाईट होतं असं नाही. अक्षर हवं तेवढं मोठं करता यायचं, वाचून दाखवायचीही सोय होती, आणि रात्रपाळीला पिशवीत जागा अडायची नाही. पण त्यात सलग किती दिवस वाचलं याचा आकडा होता. ज्वाळेचं एक छोटं चित्र आणि शेजारी आकडा. तो २१२ पर्यंत गेला. पुढच्या दिवशी रात्रपाळी होती. वॉर्डात एकापाठोपाठ दोन पेशंट दाखल झाले, आणि मी वाचायला बसले तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. माझ्या लेखी माझा दिवस अजून चालूच होता. सकाळी ड्यूटी सुटते तेव्हा तो संपतो. ॲपच्या लेखी संपला होता. आकडा पुन्हा १.

मी टेबलाशी बसून चक्क रडले. पन्नाशी उलटलेली बाई, रात्री साडेबारा वाजता, मोबाइलमधली ज्वाळा विझली म्हणून. मग स्वतःचीच लाज वाटली. कारण आदल्या दिवशी काय वाचलं होतंस असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. कित्येक आठवडे मी सगळ्यात लहान अध्याय शोधून आकडा राखत होते. स्तोत्र ११७ दोनच वचनांचं आहे. त्या काळात ते मी किती वेळा ‘वाचलं’ याचा हिशेब प्रभूलाच ठाऊक.

म्हणून पुस्तक. पणजीत शोधलं, मडगावात शोधलं. मडगावच्या एका दुकानात इंग्रजी होतं, रोमी (रोमन लिपीतलं) कोंकणी होतं. मराठी मागितल्यावर काउंटरवरचा मुलगा हसला. “मराठी हांगा कोण वाचता?” मी काही बोलले नाही. पण मडगावपासून जवळच, याच सासष्टी तालुक्यात, राचोलला १६१६ साली फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण छापून निघालं होतं. मराठी ओव्या, रोमी अक्षरं. इंग्लंडहून आलेल्या पाद्रीनं शास्त्रातली कथा इथल्या लोकांच्या तोंडी बसावी म्हणून मराठीत दहा हजारांवर ओव्या रचल्या. त्याला जे गिऱ्हाईक दिसलं ते या पोराला दिसत नव्हतं, एवढंच.

शेवटी मे महिन्यात माहेरी गेले तेव्हा मिरजेत मिळालं. चेनच्या कव्हरसकट ६५० रुपये. परतीच्या गाडीत राहवेना, लगेच उघडलं. कॅसलरॉक सोडल्यावर गाडी घाट अशी जपून उतरते की कुळें यायच्या आत रूथचे चारही अध्याय झाले, मध्ये दूधसागर बघून आणि बोगद्यांत थांबून थांबून. रूथ म्हणजे सासूच्या मागोमाग परक्या मुलखात आलेल्या सुनेची गोष्ट. मी हसले मनात.

आता वस्तूबद्दल.

अक्षर उत्तम. चष्म्याशिवाय मथळे वाचता येतात, चष्म्यानं सगळंच. जोडाक्षरं सुटी, स्पष्ट. ‘ख्रि’ आणि ‘खि’ एकमेकांत मिसळत नाहीत. दोन रकाने, मध्ये बऱ्यापैकी जागा. कागद बायबलला असतो तसाच पातळ, मागच्या पानाची सावली थोडी दिसते. जेल पेननं खूण केलीत तर पलीकडच्या पानावर उमटणार, पेन्सिलच वापरा. बांधणी शिवलेली आहे, नुसती चिकटवलेली नाही. उत्पत्ती या पहिल्याच पुस्तकाच्या पहिल्या पानावर उघडून टेबलावर ठेवलं तरी मिटत नाही, आणि रोज वाचणाऱ्याला ही गोष्ट फार मोठी आहे. एका हातात चहा असतो.

भाषा तीच, आमच्या कानातली: ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.’ सोप्या बोलीतली भाषांतरंही मिळतात आणि नवीन वाचणाऱ्यानं तीच घ्यावीत असं माझं मत आहे. सोप्या मराठीचा हा ध्यास नवा नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल असं भाषांतर केलं, १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते छापून आलं. पण सासूबाईंना दुसरा शब्द चालत नाही. मी चुकून ‘काही कमी पडणार नाही’ म्हटलं तर डोळे मिटलेले असतानाही दुरुस्त करतात: “उणे.”

मोठी तक्रार लाल शाईची. प्रभू येशूची वचनं लाल अक्षरांत छापलीत. कल्पना चांगली, पण लाल फिकट आहे. रात्री ट्यूबलाइटखाली काळं ठळक दिसतं आणि लाल विरून जातं. म्हणजे डोंगरावरच्या प्रवचनात ज्याचं ऐकायला बसायचं नेमकं त्याचंच बोलणं दिसत नाही. मत्तयाचे ५, ६, ७ हे तीन अध्याय आम्ही त्यामुळे दिवसाउजेडीच वाचतो.

दुसरी तक्रार, खुणेची फीत एकच. निदान दोन हव्यात. मी शिलाईच्या डब्यातली निळी रिबन कण्याला चिकटवली.

बाकी सगळं पावसावर. जूनमध्ये चेन अडायला लागली, जुलैत गंजली. समुद्र एवढा जवळ म्हटल्यावर आश्चर्य नाही. ऑगस्टमध्ये कव्हरवर पांढरी बुरशी. मी कव्हर काढून टाकलं आणि पुस्तक फ्रीजच्या वर उघडंच ठेवायला लागले, तिथे ऊब असते. खाली वर्तमानपत्र, शेजारी कडुलिंबाचा पाला. गोव्यात राहणाऱ्यांनी कव्हरवाली आवृत्ती घेऊन पैसे वाया घालवू नयेत. आणि खरं सांगू? कव्हर गेलं तेव्हापासून वाचन वाढलं. चेन उघडायची, पुस्तक काढायचं, एवढासा त्रास. पण सकाळी पावणेसहाला तेवढाही माणसाला पुरतो न वाचायला.

पुस्तकाच्या शेवटी वर्षभराच्या वाचनाचा तक्ता आहे. त्याबद्दल जरा सविस्तर लिहायलाच हवं, कारण बरेचजण तक्ता बघूनच पुस्तक घेतात आणि तक्त्यामुळेच बंद करतात.

आमच्या प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं, १,१८९ अध्याय: जुन्या करारात ९२९, नव्यात २६०. माझे बाबा मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात कंपाउंडर होते, १८९४ साली डॉ. वानलेस यांनी सुरू केलेल्या. औषधाच्या मात्रांसारखा त्यांचा वाचनाचा हिशेब पक्का: रोज तीन, रविवारी पाच. करून बघा, वर्षाला ११९९ होतात. दहा उरतात. “ते आजारपणाचे,” म्हणायचे. पुस्तकातला तक्ता साधारण त्याच चालीचा, उत्पत्तीपासून सरळ प्रकटीकरणापर्यंत. मी १ जूनला सुरू केलं. उत्पत्ती, निर्गम धावत गेले. जूनच्या शेवटाला लेवीय हे पुस्तक आलं.

इथे लोक सोडतात. यज्ञपशू, चरबी, मूत्रपिंडं, रक्त शिंपडणं. मीही सोडलं असतं. पण तेराव्या अध्यायात कातडीच्या रोगाचे नियम आले आणि मी सरळ होऊन बसले. चट्टा दिसला की याजकानं, म्हणजे पुरोहितानं, बघायचं, शंका असेल तर माणसाला सात दिवस वेगळं ठेवायचं, सातव्या दिवशी पुन्हा तपासायचं, पसरलाय का ते बघायचं, नसेल पसरला तर आणखी सात दिवस. हे मी २०२० मध्ये वॉर्डात रोज केलेलं काम. चौदाव्या अध्यायात तर त्याहून गंमत: घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे पडले तर घर सात दिवस बंद करायचं, चट्टे पसरले असतील तर ते दगड काढून टाकायचे, भिंत आतून खरवडायची, नवा गिलावा करायचा. मी सासूबाईंना हे मोठ्यानं वाचून दाखवत होते आणि त्यांच्या पलंगामागच्या भिंतीवर, जुलैच्या पहिल्या आठवड्यात, हिरवट चट्टा होता. त्या मागे वळून बघायला लागल्या. “याजकाला बोलव की रंगाऱ्याला?”

त्या दिवसापासून मोठ्यानं वाचायची सवय लागली. त्याआधी मी मनात वाचायचे आणि त्या बिछान्यात जाग्या पडलेल्या असायच्या, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मात्र रोज तीनचा वेग झेपेना. जुलैअखेर मी अकरा दिवस मागे पडले होते आणि पुन्हा तीच ॲपची तऱ्हा सुरू झाली: भरून काढायचं म्हणून एका बसणीत नऊ अध्याय. शास्ते या पुस्तकातली अर्धी कत्तल मी कुकरच्या शिट्ट्या मोजत वाचली. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात मान्न्याची, म्हणजे आकाशातून पडणाऱ्या अन्नाची, गोष्ट आहे. रानात रोज सकाळी पडायचा, त्या दिवसापुरता गोळा करायचा. कुणी दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर त्यात किडे पडायचे. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा. मी तर उलटं करत होते, गेल्या आठवड्याचा मान्ना आज गिळत होते. तक्त्यावर आडवी रेघ मारली आणि एक अध्याय ठरवला. एकच, मोठ्यानं, चहाबरोबर. वेळ घड्याळाची नाही, पोदेराची, म्हणजे पाववाल्याची. त्याच्या सायकलचा भोंगा गल्लीत वाजला की मी पोळ्या (इथले पाव) घेते, आधण ठेवते, पुस्तक फ्रीजवरून उतरवते. रात्रपाळी असली तर घरी आल्यावर. शिळ्या पोळीवरही भागतंच की.

जोडीला स्तोत्रं, ड्यूटीवर, खिशातल्या छोट्या नव्या करारातून. त्याच्या शेवटी स्तोत्रसंहिता असते. दीडशे स्तोत्रं, तीस दिवस, रोज पाच. तारीख बघायची आणि उघडायचं, तक्ता नको. २४ तारखेला तेवढं सांभाळा: ११६ ते १२०, म्हणजे मध्ये ते १७६ वचनांचं ११९वं येतं, आणि त्याच्या आधी आमचं ओळखीचं दोन वचनांचं ११७.

समोरची शेजारीण कॅथलिक. आम्ही ओट्यावर वाचायला बसलो की ती फाटकाशी येते. “कितें वाचता गो?” मी सांगते, मग ती त्या दिवशीच्या मिस्सेचं, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचं, वाचन सांगते. त्यांच्यात तक्त्याची भानगड नाही. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात, आठवड्यातली दोन वर्षांच्या. चर्चनं मोजून ठेवलंय, तिनं फक्त हजर राहायचं. तिच्या लहानपणी घरी संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, व्हायचा, मे महिन्यात खुरसाकडे (क्रुसापाशी) लादाईन ही सामूहिक प्रार्थना, पण बायबल उघडून वाचणं असं नव्हतं. व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्ये सगळ्या भाविकांनी शास्त्र वरचेवर वाचावं असं सांगितलं खरं, पण संपूर्ण बायबल रोमी कोंकणीत हातात यायला २००६ उजाडलं. तिच्या बायबलात ७३ पुस्तकं. मागे तिनं मला आमच्यात नसलेल्या तोबिताच्या पुस्तकातली गोष्ट सांगितली, मी तिला आमच्यातल्या सांगायला गेले तर त्या सगळ्या तिच्याकडे आधीच होत्या.

यानं आत्मिक वाढ होते का, असं मुलानं फोनवर विचारलं. तो जरा कुत्सितच बोलतो. मला मोजता येत नाही. महिनोन्‌महिने काही वाटत नाही. ‘१ इतिहास’ या पुस्तकाचे पहिले नऊ अध्याय म्हणजे नुसती नावं, अमक्याचा मुलगा तमका. सासूबाई म्हणाल्या, “आपल्याकडे रेशनकार्डावर चार नावं धड येत नाहीत, आणि यांची नऊ अध्याय!” त्या नऊ दिवसांत माझ्या आत्म्याचं काय झालं असेल ते असो. जीभ मात्र सुटली.

एक प्रसंग सांगते, पटलं तर घ्या. गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या ५ तारखेची रात्र. एक म्हातारी बाई, सासष्टीतल्या गावची, शेवटच्या टप्प्यात. मुलगी परदेशातून निघाली होती, पोचायची होती. बाईचा हात सारखा चादरीवर काहीतरी शोधत होता. तेर्साचे मणी असावेत. ते कुठे गेले कुणास ठाऊक. मी हात धरला. मला कोंकणीतल्या प्रार्थना येत नाहीत. पण ५ तारीख म्हणजे २१ ते २५, आणि संध्याकाळीच वाचलेलं तेविसावं तोंडात होतं. मराठीतच म्हटलं, हळू, आमच्या सासूबाईंच्या ‘उणे’सकट. ‘मेंढपाळ’ म्हटल्यावर तिचे ओठ हलले. मी कान नेला. “गोंवळी,” ती म्हणत होती. “बरो गोंवळी.” चांगला मेंढपाळ. मी पुन्हा म्हटलं, ती पुन्हा म्हणाली. असं चार-पाच वेळा. मग झोपली.

तेविसावं मला लहानपणापासून पाठ आहे, रोज न वाचताही आलं असतं, असं तुम्ही म्हणाल. मीही तसंच समजत होते. पण ॲपच्या दिवसांत अशाच एका रात्री एका खाटेशी उभी राहून मी म्हणायला गेले होते आणि ‘हिरव्यागार कुरणात’च्या पुढे अडले होते. तिथे कुणी ऐकत नव्हतं म्हणून कळलं नाही, एवढंच.

तारे द्यायचे तर पाचपैकी चार. लाल शाईसाठी एक कापला. साठीच्या पुढच्या कुणासाठी घेत असाल तर डोळे झाकून घ्या, चेनच्या कव्हराशिवाय. प्रवासासाठी नको. तरुण माणसाला पहिल्यांदा वाचायचं असेल तर हे अवजड धूड नकोच. मार्कचं शुभवर्तमान घ्या, सोळाच अध्याय आहेत, सोप्या भाषांतरात, पातळ पुस्तिका मिळते. किंवा नीतिसूत्रे, ३१ अध्याय, महिन्याला बरोबर बसतात.

फीत सध्या यिर्मया ३६ वर आहे. आज सकाळी तिथवर आलो. थंडीचे दिवस, राजा यहोयाकीम हिवाळी महालात शेगडीसमोर बसलाय, यिर्मयाची वचनं लिहिलेली गुंडाळी त्याला वाचून दाखवतायत. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा चाकूनं तेवढा तुकडा कापतो आणि शेगडीत टाकतो. पुन्हा वाचतात, पुन्हा कापतो. सगळी गुंडाळी जळून जाते. माझी पहिली पाळी होती, सव्वासहाची बस. मी फीत घातली आणि उठले.

“अगं, मग? जळालंच का सगळं?”

“उद्या वाचू, आई.”

“उद्या कशाला? सहाच वचनं राहिली असतील. रिक्षानं जा.”